पुढच्या भारत-पाकिस्तान मालिकेपूर्वी: १९५२ च्या पहिल्या मालिकेची कथा

१/ भारत आणि पाकिस्तान यांच्यातील शेवटचा कसोटी सामना डिसेंबर २००७ मध्ये बंगळुरू येथे झाला. शेवटची द्विपक्षीय मालिका डिसेंबर २०१२ आणि जानेवारी २०१३ मध्ये. त्यानंतर हे दोन संघ केवळ विश्वचषक, चॅम्पियन्स करंडक, आशिया चषक अशा स्पर्धांतूनच समोरासमोर आले. आज अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव नोंदवणाऱ्या तरुणाने जाणत्या वयात भारत-पाकिस्तान कसोटी पाहिलेलीच नाही.

२/ तरीही ‘पुढची मालिका कधी?’ आणि ‘ती व्हावी का?’ हे दोन प्रश्न काही विरत नाहीत. यवतमाळच्या चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीच्या चर्चेपर्यंत सर्वत्र ते विचारले जातात आणि उत्तरे बहुधा आवाजाच्या बळावर दिली जातात. मित्रहो, इतिहासाचा विद्यार्थी अशा वेळी एक साधा प्रश्न विचारतो: पहिली मालिका कशी झाली होती? फाळणीला जेमतेम पाच वर्षे झालेली असताना ती खेळणारी माणसे कोण होती? आजचा धागा त्याविषयी.

३/ ही कथा दिल्लीतून नव्हे, मुंबईतून सुरू करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुस्लिमांचा संघ आला, ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये ‘द रेस्ट’, म्हणजे ‘उर्वरित’, या नावाचा पाचवा संघ जोडला गेला. त्यात प्रामुख्याने भारतीय ख्रिस्ती खेळाडू असत. हीच ती प्रसिद्ध पंचरंगी स्पर्धा.

४/ खेळाडूने कोणत्या संघातून खेळावे हे त्याच्या जन्मावरून ठरे. आज हे वाचताना चमत्कारिक वाटते, पण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत लोकप्रिय क्रिकेट हेच होते. मैदाने ओसंडून वाहत. ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले तेव्हा कोणत्या जिमखान्याला किती जागा मिळाव्यात यावरून इतका वाद झाला, की १९३७ च्या स्पर्धेत हिंदूंचा संघ उतरलाच नाही. खेळ धर्मानुसार वाटला, की खुर्च्याही धर्मानुसार मोजाव्या लागतात.

५/ शिवाय ‘हिंदू संघ’ हा तरी एकसंध कोठे होता? डावखुरे फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू हे त्या काळातील थोर खेळाडू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु ते दलित होते. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू चाले, चहाचा पेला मात्र वेगळा असे. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले आणि तेही दीर्घ वादानंतर.

६/ १९३० ते १९३३ ही चार वर्षे स्पर्धा भरली नाही. सविनय कायदेभंगाचे पर्व सुरू होते. आमच्या जिल्ह्यापुरते सांगायचे तर १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला आणि त्यांना अटक झाली. मुंबईच्या जिमखान्यांवरील हिरवळ ओस पडली होती आणि यवतमाळच्या जंगलातील गवत राजकारणाचा विषय झाले होते. क्रिकेट आणि राजकारण वेगळे ठेवता येते, असे त्या वर्षी कोणी म्हणू शकले नसते.

७/ १९४० च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे एक शिष्टमंडळ आपल्या शेजारच्या वर्ध्याला आले. पंचरंगीत खेळावे की खेळू नये, हे त्यांना गांधीजींना विचारायचे होते. वैयक्तिक सत्याग्रह सुरू होता, सत्याग्रही तुरुंगात जात होते, जग महायुद्धात होरपळत होते. गांधीजींचे मत स्पष्ट होते: अशा काळात हे सामने नकोत आणि खेळात धर्मवार संघ असणे तर आपल्याला समजूच शकत नाही. जिमखान्यात तीव्र मतभेद झाले. स्पर्धा मात्र आणखी काही वर्षे चालू राहिली.

८/ आता या कथेतील मुख्य पात्राकडे वळू. विजय सॅम्युअल हजारे. जन्म सांगलीचा, ११ मार्च १९१५. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कुटुंब. त्यामुळे पंचरंगीत त्यांचा संघ कोणता? ‘उर्वरित’. डिसेंबर १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ धावा केल्या, त्यांत विजय मर्चंट नाबाद २५०. ‘उर्वरित’ १३३ मध्ये गारद झाले आणि त्यांच्यावर फॉलोऑनची वेळ आली. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांतील ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या.

९/ त्या डावात हजारे यांनी आपले बंधू विवेक यांच्यासह ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांचा वाटा होता २१ धावांचा. संघ तरीही एक डाव आणि ६१ धावांनी हरला. ब्रेबॉर्नवरचा हा पराभव लक्षात ठेवा. नऊ वर्षांनी हाच माणूस याच मैदानावर पुन्हा येणार आहे आणि तेव्हा तो ‘उर्वरित’ असणार नाही.

१०/ पंचरंगीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिमांनी हिंदूंना केवळ एक गडी राखून हरवले. के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिले. पराभूत कर्णधार मर्चंट यांनी त्यांचे मनापासून अभिनंदन केले. हे इब्राहिम पुढे १९४८ मध्ये भारताकडून कसोटी खेळले आणि नंतर कराचीला स्थायिक झाले. मैदानावरील माणसे उमदी होती. चौकट मात्र अशी होती, की प्रत्येक निकाल कोणत्या तरी धर्माचा विजय आणि कोणत्या तरी धर्माचा पराभव ठरे. १९४५-४६ चा हंगाम हा या स्पर्धेचा शेवटचा.

११/ मार्च १९४७. रणजी करंडकाचा अंतिम सामना, बडोदा विरुद्ध होळकर. होळकरांचे कर्णधार आपल्या नागपूरचे कर्नल सी. के. नायडू. बडोद्याकडून चौथ्या गड्यासाठी दोघे जण उभे राहिले आणि हटेचनात. त्यांनी ५७७ धावांची भागीदारी रचली. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील हा जागतिक विक्रम २००६ मध्ये श्रीलंकेच्या संगकारा-जयवर्धने जोडीने मोडेपर्यंत अबाधित होता. हे दोघे कोण? २८८ धावा करणारे सांगलीचे विजय हजारे आणि ३१९ धावा करणारे लाहोरचे गुल महंमद.

१२/ त्या भागीदारीनंतर अवघ्या पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. स्वातंत्र्याच्या त्याच दिवसांत, ऑगस्ट १९४७ मध्ये, पुण्यात एक शिबिर भरले होते. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या भारतीय संघाची ही पूर्वतयारी. निवडलेल्या खेळाडूंत लाहोरचा एक तरुण वेगवान गोलंदाज होता, फझल महमूद. शिबिर पावसात वाहून गेले आणि फझल घरी निघाले. घर आता दुसऱ्या देशात होते आणि पंजाब पेटलेला होता.

१३/ पुण्याहून मुंबईला जाताना रेल्वेच्या डब्यात काही माथेफिरूंनी फझल यांना घेरले. त्यांच्या स्वतःच्या आठवणीनुसार डब्यात सोबत असलेले सी. के. नायडू बॅट हातात घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिले आणि त्या लोकांना त्यांनी दूर ठेवले. तेव्हा कर्नल एक्कावन्न वर्षांचे होते. फझल मुंबईहून कराचीमार्गे लाहोरला सुखरूप पोहोचले. तेथील परिस्थिती पाहून त्यांनी भारतीय संघाबरोबर ऑस्ट्रेलियाला न जाण्याचा निर्णय घेतला. फझल महमूद हे नाव विसरू नका. लखनौमध्ये ते पुन्हा भेटतील.

१४/ सैन्य, रेल्वेचे डबे, कचेरीतील टेबले यांप्रमाणे खेळाडूंचीही वाटणी झाली. अब्दुल हफीज १९४६ मध्ये भारताकडून इंग्लंडमध्ये खेळले. तेच पुढे अब्दुल हफीज कारदार या नावाने पाकिस्तानचे पहिले कसोटी कर्णधार झाले. बडोद्याकडून खेळलेले अमीर इलाही १९४७ च्या डिसेंबरात सिडनीला भारताकडून उतरले आणि १९५२ मध्ये पाकिस्तानकडून. गुल महंमद काही वर्षे भारतातच राहिले. १९५६ मध्ये ते पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले. दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले खेळाडू हे तिघेच.

१५/ जुलै १९५२ मध्ये पाकिस्तानला कसोटी दर्जा मिळाला. त्यासाठी भारतीय मंडळाने पाठिंबा दिला होता. पाकिस्तानचा पहिला कसोटी दौरा भारताचाच ठरला. त्या वेळचे वातावरण ध्यानात घ्या. काश्मीरमधील युद्धबंदी १ जानेवारी १९४९ ची. नेहरू-लियाकत करार एप्रिल १९५० चा. निर्वासितांचे प्रश्न अद्याप ताजे होते. भारत आणि पूर्व पाकिस्तान यांच्या सीमेवर पासपोर्टची पद्धत लागू झाली ती १५ ऑक्टोबर १९५२ रोजी. दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबरला, दिल्लीत पहिल्या कसोटीचा पहिला चेंडू पडला.

१६/ फिरोजशहा कोटला मैदानावर नाणेफेकीसाठी आलेले दोन कर्णधार पाहा. लाला अमरनाथ आणि कारदार, दोघेही लाहोरच्या मैदानांवर घडलेले. भारताच्या संघात रामचंद होते, जन्म कराचीचा. पाकिस्तानच्या संघात सतरा वर्षांचे हनिफ महंमद होते, जन्म जुनागढचा. हनिफना कराचीत क्रिकेट शिकवले ते जामनगरहून तिकडे गेलेल्या अब्दुल अझीझ यांनी. त्याच अझीझ यांचे चिरंजीव सलीम दुराणी भारतातच राहिले आणि पुढे भारताकडून खेळले. नव्या सीमेने केलेली उलथापालथ या दोन संघांच्या यादीतच वाचता येते.

१७/ आता भारताचे अकरा जण धर्माच्या चष्म्यातून पाहू, कारण पंचरंगीने तीच सवय लावली होती. हजारे ख्रिस्ती. पॉली उम्रीगर पारशी. गुलाम अहमद आणि गुल महंमद मुस्लीम. मंकड, अधिकारी, मांजरेकर हिंदू. सात वर्षांपूर्वीपर्यंत मुंबईत जे चार वेगवेगळ्या तंबूंत बसले असते, ते आता एका तंबूत होते. समोरच्या तंबूवर दुसऱ्या राष्ट्राचे नाव होते. हा फरक सूक्ष्म वाटेल, पण सारा मुद्दा तोच आहे.

१८/ दिल्लीत भारताचे नऊ गडी २६३ धावांवर बाद झाले होते. तेथून शेवटच्या जोडीने १०९ धावा जोडल्या. एक होते पुण्यात जन्मलेले, भारतीय सैन्यातील अधिकारी हेमू अधिकारी, नाबाद ८१. दुसरे हैदराबादचे फिरकी गोलंदाज गुलाम अहमद, ५० धावा.

१९/ आम्हा यवतमाळकरांना या जोडीचा अर्थ अधिक जाणवावा. पैनगंगेच्या पलीकडे तेव्हा हैदराबाद संस्थान होते. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य त्या संस्थानात शिरले, त्याला दिल्लीच्या कसोटीपर्यंत अवघी चार वर्षे झाली होती. आणि येथे भारतीय सैन्याचा एक मराठी अधिकारी आणि हैदराबादचा एक मुस्लीम गोलंदाज पाकिस्तानच्या माऱ्यापुढे खांद्याला खांदा लावून उभे होते. गुलाम अहमद यांनी पुढे भारताचे कर्णधारपदही भूषवले.

२०/ त्या ३७२ धावांनंतर उरलेले काम विनू मंकड यांनी केले. पहिल्या डावात ५२ धावांत ८ बळी, दुसऱ्या डावात ७९ धावांत ५. पाकिस्तानचे डाव १५० आणि १५२ वर आटोपले. भारत एक डाव आणि ७० धावांनी विजयी. नव्या कसोटी राष्ट्राचा आता पुरता धुव्वा उडणार, असा अंदाज बांधण्यास कोणाला हरकत नव्हती.

२१/ एका आठवड्यात चित्र उलटले. लखनौची कसोटी तागाच्या मॅटिंगवर होती. हजारे, मंकड, अधिकारी हे तिघेही या सामन्यात नव्हते. फझल महमूद यांनी ५२ धावांत ५ आणि ४२ धावांत ७ असे बारा बळी टिपले. नझर महंमद सलामीला येऊन नाबाद १२४ वर परतले. पाकिस्तानने आपल्या दुसऱ्याच कसोटीत एक डाव आणि ४३ धावांनी विजय मिळवला. भारताला हरवणारा हा गोलंदाज पाच वर्षांपूर्वी नायडूंच्या बॅटच्या आडोशाला मुंबईपर्यंत आला होता. नायडूंनी त्या दिवशी भविष्यातील प्रतिस्पर्ध्याचा हिशेब केला नव्हता.

२२/ मालिका १-१ अशी झाली आणि तिसऱ्या कसोटीसाठी संघ १३ नोव्हेंबरला मुंबईत उतरले. मैदान ब्रेबॉर्न. पाकिस्तानचा पहिला डाव १८६. मग भारताची फलंदाजी आणि खेळपट्टीवर दोन नावे: सांगलीचे हजारे आणि सोलापुरात जन्मलेले उम्रीगर. एक ख्रिस्ती, एक पारशी. उम्रीगर १०२. हजारे नाबाद १४६. भारताने ४ बाद ३८७ वर डाव घोषित केला.

२३/ दुसऱ्या डावात हनिफ यांनी ९६ धावांची झुंज दिली. मंकड यांनी ५ बळी घेतले. १००० धावा आणि १०० बळी हा दुहेरी टप्पा त्यांनी केवळ तेविसाव्या कसोटीत गाठला, तो याच सामन्यात. भारताने दहा गडी राखून विजय मिळवला. ज्या मैदानावर १९४३ मध्ये हजारे ‘उर्वरित’ म्हणून ३०९ धावा करूनही हरले होते, तेथे आता त्यांच्या शतकावर सारे मैदान भारताचा विजय साजरा करत होते. त्या नऊ वर्षांत हजारे बदलले नव्हते. त्यांच्याभोवतीची चौकट बदलली होती.

२४/ मद्रासची कसोटी पावसामुळे अनिर्णित राहिली. कलकत्त्याला दीपक शोधन यांनी पदार्पणातच ११० धावा केल्या, तोही सामना अनिर्णित. भारताने मालिका २-१ अशी जिंकली. फाळणीच्या जखमा ओल्या असताना दोन महिने हे संघ शहरोशहरी खेळले आणि दौरा पूर्ण झाला. १९५२ च्या मालिकेचे सर्वांत मोठे यश बहुधा हेच, की ती पाचही कसोट्यांपर्यंत पोहोचली.

२५/ पुढचा प्रवास आपल्याला आजच्या जवळ आणतो. १९५४-५५ ची मालिका पाकिस्तानात झाली. लाहोर कसोटीसाठी सीमा शिथिल करण्यात आली आणि हजारो भारतीय प्रेक्षक वाघा ओलांडून गेले. अनेकांनी आपले जुने शहर पुन्हा पाहिले. मैदानावर मात्र पाचही कसोट्या अनिर्णित. १९६०-६१ मध्ये पुन्हा पाच कसोट्या, पुन्हा पाचही अनिर्णित. जिंकण्याच्या इच्छेपेक्षा हरण्याची भीती मोठी झाली होती. पराभव आता क्रिकेटपुरता उरला नव्हता.

२६/ त्यानंतर १९६५ आणि १९७१ ची युद्धे. तब्बल सतरा वर्षे कसोटी नाही. १९७८ मध्ये खेळ पुन्हा सुरू झाला. १९७९-८० मध्ये पाकिस्तानचा संघ घेऊन भारतात आले ते कर्णधार असिफ इक्बाल. जन्म हैदराबादचा, आणि दिल्लीत ५० धावा करणाऱ्या गुलाम अहमद यांचे ते भाचे. मामा भारताचा कर्णधार, भाचा पाकिस्तानचा. हा वाद दोन शेजाऱ्यांचा आहे, तसाच तो विभागलेल्या घरांचाही आहे.

२७/ विदर्भाने हे सामने जवळून पाहिले आहेत. ऑक्टोबर १९८३ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर भारत-पाकिस्तान कसोटी झाली. ती अनिर्णित राहिली. मार्च १९८७ मध्ये त्याच मैदानावर दोन्ही संघांचा एकदिवसीय सामना झाला. यवतमाळ, वर्धा, अमरावती येथील मंडळींना एसटीने जाऊन पाहता येईल इतका हा ‘आंतरराष्ट्रीय संघर्ष’ जवळ आला होता.

२८/ मग १९९१. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. १९९९ च्या जानेवारीत दिल्लीतील कोटलाची खेळपट्टी खोदली गेली, मुंबईत क्रिकेट मंडळाच्या कार्यालयाची मोडतोड झाली. दौरा तरीही झाला. ३१ जानेवारीला चेन्नईत सचिन तेंडुलकरच्या १३६ धावांनंतरही भारत १२ धावांनी हरला. क्षणभर मैदान स्तब्ध झाले आणि मग प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानी संघाला टाळ्या दिल्या. हे सारे एकाच महिन्यातले, एकाच देशातले.

२९/ मालिका थांबण्याला कारणे आहेत आणि ती किरकोळ नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानचा नियोजित दौरा रद्द केला. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर त्याच वर्षीच्या आशिया चषकात दोन्ही संघ खेळले, परंतु हस्तांदोलन झाले नाही. ज्यांनी आपली माणसे गमावली, त्यांना ‘खेळ वेगळा, राजकारण वेगळे’ असे सांगणे उद्धटपणाचे ठरेल. १९३० आणि १९४० चा इतिहासही तसे सांगत नाही. खेळावे की नाही हा राष्ट्राचा निर्णय आहे आणि त्यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात.

३०/ परंतु दुसरा एक प्रश्न राष्ट्राचा नसून आपला आहे. १९९० मध्ये ब्रिटनमधील नेते नॉर्मन टेबिट यांनी स्थलांतरितांसाठी एक ‘कसोटी’ सुचवली: सामन्यात तुम्ही कोणत्या संघाला टाळ्या देता, यावरून तुमची निष्ठा ओळखू. ही कसोटी आपल्याकडे नाव न घेता रोज घेतली जाते. सामन्याच्या दिवशी वर्गातील, गल्लीतील एखाद्या मुस्लीम मित्राला हसत हसत विचारले जाते, ‘काय रे, आज कोणाकडून?’ विचारणारा विसरून जातो. ज्याला विचारले, तो विसरत नाही.

३१/ हा प्रश्न कोठून आला? तो भारत-पाकिस्तान क्रिकेटमधून आलेला नाही, तो पंचरंगीतून आला आहे. तेथे संघ म्हणजे धर्म होता. १९५२ च्या मालिकेने ते समीकरण मोडले. गुलाम अहमद कोणाकडून, हे दिल्लीच्या धावफलकाने सांगितले होते. हजारे कोणाचे, हे ब्रेबॉर्नने सांगितले होते. आज आपण मित्राला तो प्रश्न विचारतो तेव्हा आपण भारताच्या बाजूने उभे नसतो. १९४६ मध्ये बंद पडलेल्या एका स्पर्धेच्या प्रेक्षागृहात आपण जाऊन बसलेलो असतो.

३२/ पुढची मालिका कधी होईल, पाच वर्षांनी की पंचवीस, हे इतिहासाचा विद्यार्थी सांगू शकत नाही. आजवर दोनदा तरी दीर्घ खंड पडला आणि संपला, एवढे मात्र तो सांगू शकतो. ती होईल तेव्हा जल्लोष व्हावा, ईर्षा असावी, हरल्यावर दोन घास कमी जावेत. प्रतिस्पर्धी तगडा असल्याशिवाय विजयाला चव नसते. केवळ एवढे पाहावे, की सीमारेषा मैदानाच्या कडेला राहील, आपल्या गल्लीतून जाणार नाही.

३३/ शेवटी एक विनंती. १९८३ ची नागपूर कसोटी किंवा १९८७ चा एकदिवसीय सामना पाहिलेली मंडळी आपल्या घरांत, शेजारी आजही आहेत. त्यांना विचारा: तिकीट कितीचे होते, कशाने गेलात, शेजारी कोण बसले होते, टाळ्या कोणाला वाजल्या? जे सांगतील ते गाव आणि वर्ष यांसह येथे खाली लिहा. खेळाचा इतिहास धावफलकात असतो, तितकाच प्रेक्षकांच्या आठवणीतही असतो, आणि तो लिहून ठेवला नाही तर हरवतो.

#इतिहास #क्रिकेट #विदर्भ